म्हात्रेकाकांचे ट्रफल

रोह्यात राहायला येऊन आम्हाला तीनच आठवडे झाले होते. पहाटे पाचला उठून मी डबा करत होते, तेवढ्यात खिडकीतून करपल्याचा वास आला. दुधाचा नव्हे, साखरेचा नव्हे. काहीतरी कडवट आणि जड. मी आधी आपला गॅस पाहिला. मग दारावर थाप पडली. बाहेर शेजारचे म्हात्रेकाका उभे होते. अंगात बनियन, खाली कडक इस्त्रीची पँट, हातात स्टीलचं पातेलं. तोवर आमचं बोलणं 'पाणी आलं का' याच्या पुढे गेलं नव्हतं.

"मास्तरीण ना गो तू?"

"हो."

"मग हे बघ. ह्याचं असं का झालं?"

पातेल्यात काळं, कोरडं, दाणेदार ढेकूळ होतं.

"चॉकलेट हाय," ते म्हणाले. "चांगलं वितळलं होतं. एकदम दगडच झाला."

"काका, मी मराठी शिकवते."

चुकीचा स्पेअर पार्ट हातात आल्यावर माणूस जसा बघतो, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि गेले. संध्याकाळी मी पेणच्या शाळेतून परत आले, तर पायरीवर वाटच बघत बसलेले. "सापडलं," म्हणाले. "चमचा ओला होता. पाण्याचा एक थेंब गेला तरी दगड होतो. एक थेंब गो!" शिफ्ट संपताना पुढच्या माणसाला कल्पना द्यावी, तसं हे सांगून ते घरात गेले. आमची ओळख झाली ती अशी.

दत्ताराम म्हात्रे नागोठण्याच्या कंपनीत कंट्रोल रूमला होते. रिटायर होऊन दोनेक वर्षं झाली होती, पण अंगातून पहिली शिफ्ट गेली नव्हती. चारला उठायचं, अकराला जेवायचं, शिफ्ट सुटायच्या वेळी, अडीच वाजले की चपला घालून दाराशी यायचं आणि मग आता कुठे जायचं नाही हे आठवून चपला काढायच्या. कसे आहात विचारलं तर 'बरा आहे' असं कधी म्हणाले नाहीत. "नॉर्मल," म्हणायचे. ताप आला तरी "जरा वर गेलंय, येईल लाइनीवर." त्यांच्या घरातल्या प्रत्येक बटणाखाली पट्टी चिकटवलेली होती: पंखा, ट्यूब, बाहेरचा दिवा. एका बटणाखाली 'काही नाही' असं लिहिलं होतं, कारण ते खरंच कशाला जोडलेलं नव्हतं.

स्वयंपाकघरात मात्र अशी एकही पट्टी नव्हती. ते राज्य काकींचं होतं. वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत काकांनी तिथे पाणी पिण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं. आता ते एकटेच होते. वरण-भात शिकले होते, मासळी भावाच्या घरून यायची. "काकी कुठे असतात?" असं मी सुरुवातीला विचारलं, तर म्हणाले, "साऊथला." जणू घराच्या दक्षिणेच्या खोलीत आहेत.

असा हा माणूस रोज पहाटे डार्क चॉकलेटचे ट्रफल करत होता. लाडवासारखे छोटे, काळे गोळे. आतून मऊ, बाहेरून कोकोच्या भुकटीत घोळवलेले. मोबाइलवर बघून शिकणं चाललं होतं. पण सांगणारी बाई इंग्रजीतून भराभर बोलायची आणि काकांचा तिच्यावर विश्वास नव्हता. "'थोडं गरम करा' म्हणते. थोडं म्हणजे किती? आकडा नको?" म्हणून त्यांनी थर्मामीटर आणला. कंपनीची एक जुनी कोरी डायरी काढली आणि तिच्यात रकाने आखले: वेळ, तापमान, चॉकलेट, क्रीम, निष्कर्ष. निष्कर्षाच्या रकान्यात एकेक शब्द. 'चिकट.' 'ढिला.' 'दगड.' एका पानावर 'मुंग्या'.

कृती तशी चार ओळींची. चॉकलेट बारीक चिरायचं, अगदी जिऱ्याएवढं. क्रीम तापवायचं, उकळायचं नाही. कडेला बुडबुडे आले की बंद. ते चॉकलेटवर ओतायचं आणि दोन मिनिटं हात लावायचा नाही. मग मधून ढवळत जायचं, काळं आणि पांढरं एक होऊन तकाकी येईपर्यंत. त्या मिश्रणाला गनाश म्हणतात हे मला पुढे कळलं. काका त्याला 'माल' म्हणायचे. माल गार झाला की चमच्याने काढून हाताने वळायचा.

पण रोह्याची हवा! तळहाताला लागला की माल पाघळायचा. म्हणून पहाट. काका गार पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवून उभे राहायचे, मग हात खरखरीत कोरडे पुसायचे आणि चार गोळे वळून पुन्हा पाण्यात. त्या दोन मिनिटांच्या थांबण्यात मात्र त्यांचा खरा कस लागायचा. हात पाठीमागे बांधून पातेल्याकडे बघत राहायचे. "प्लांटमध्ये पण असंच," एकदा म्हणाले. "नवीन पोरगा लगेच वॉल्व्ह फिरवतो. जुना माणूस थांबतो."

मी पेणला जाते म्हणून सामान आणायचं काम माझ्याकडे आलं. पेणच्या बाजारात केकचं सामान मिळणारं एक दुकान आहे. तिथून मी डार्क चॉकलेटची मोठी लादी आणली. काकांनी कोपऱ्याचा तुकडा मोडून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "हे नाय."

"का? डार्कच आहे की."

"जिभेवर मेण राहतंय. ह्यात कोकोचं लोणी नाय, डालडा हाय. तोंडाच्या उबेनं विरघळलं पाहिजे, कळलं? आपण काय करायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला सांगितलं तर तो हसला. "मॅडम, ते कंपाउंड आहे. सगळे तेच नेतात. ज्यांना कळतं ते मागतात दुसरं." आणि आतून दुसरी लादी काढून दिली. संध्याकाळी काकांनी ती चाखली, आणि पहिल्यांदाच खुर्ची पुढे करून मला 'बस' म्हणाले.

हे सगळं कोणासाठी, असं विचारायचं माझ्या मनात रोज यायचं. स्वतः काका गोड खात नसत. तयार झालेले ट्रफल माझ्या डब्यातून शाळेत जायचे, गल्लीतल्या मुलांना जायचे. शाळेत आमचे शिपाईमामा एक खाऊन म्हणाले होते, "बाई, हे कडू आहे की गोड, ते ठरायच्या आत संपतं." मी ते काकांना सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "माझ्या तर तोंडातच ठरला नव्हता," आणि विषय बदलला.

तो विषय पुन्हा निघाला मिठागरावर. एका रविवारी ते मला आणि माझ्या नवऱ्याला पेणच्या खाडीकडच्या त्यांच्या गावी घेऊन गेले. त्यांचे वडील मिठागरावर राबलेले. आता बांध फुटून बरीचशी जागा खारं पाणी आणि चिपीची झुडपं यांनी व्यापली आहे. थोरल्या भावाने हौसेने दोन वाफे राखले आहेत, तेवढेच. भावाच्या घरी काकांनी ट्रफलचा डबा उघडला. वहिनींनी एक उचलला, वास घेतला, तोंडात टाकला.

"काय गो वहिनी?"

"दिसतंय शेणीच्या राखंसारखं," त्या म्हणाल्या, "नि लागतंय कडू. पण भावजी, अजून एक द्या."

मग आम्ही बांधावर गेलो. काकांनी वाकून मिठाचा एक खडा उचलला, उन्हात धरून पाहिला आणि रुमालात बांधला. आणि तिथे, भाऊ आणि माझा नवरा पुढे गेलेले असताना, त्यांनी मला सांगितलं. माझ्याकडे न बघता, वाफ्यातल्या पाण्याकडे बघत.

त्यांना एकच मुलगी, वृषाली. अन्नतंत्रज्ञान शिकली. कॉलेजात असताना एका सुट्टीत तिने रोह्याच्या घरात पहिल्यांदा ट्रफल केले. काका रात्रपाळी करून आलेले, दाढी वाढलेली, डोकं भणभणलेलं. तिने दारातच बशी पुढे केली.

"मी एक तोंडात टाकला नि बेसिनात थुंकलो. म्हटलं, हे काय औषध हाय काय? बापाला मारतेस?" काका थांबले. "मस्करीत म्हटलं गो. ती पण हसली. पण परत घरात कधी केलं नाय तिनं."

पुढे तिने लग्न ठरवलं, केरळच्या मुलाशी. त्यांच्या घरी कोकोची झाडं आहेत. दोघं मिळून चॉकलेटचा छोटा कारखाना काढणार होती. मुलगा ख्रिश्चन. काकांनी आरडाओरडा केला नाही. "मी काय म्हटलं म्हाईत हाय? म्हटलं, माझी शिफ्ट हाय त्या दिवशी." लग्न तिकडेच झालं. काका गेले नाहीत, आणि काका गेले नाहीत म्हणून काकीही गेल्या नाहीत. त्यानंतर चार वर्षं बापलेकीत एक शब्द नाही. काकी फोनवर बोलायच्या, गॅलरीत जाऊन, हळू आवाजात. मग वृषालीला दिवस गेले. काकींनी बॅग भरली. निघताना नवऱ्याला म्हणाल्या, "लग्नाला तुमच्यासाठी गेले नाही. बाळंतपणाला माझ्यासाठी जाते."

"तीन महिन्यांसाठी गेली," काका म्हणाले. "आठवा चाललाय."

"तुम्ही बोलवत का नाही?"

"कुठल्या तोंडानं बोलवू?" असं म्हणून त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा आवळली. "त्या पोरीनं बशी पुढं केली तेव्हा तिच्या हाताला कोको लागलेला होता. एवढंच मना आठवतं. मेहनत किती लागते ते कळलंच नव्हतं गो."

तेव्हापासून त्यांच्या ट्रफलवर मीठ येऊ लागलं. प्रत्येक गोळ्यावर दोन-तीन कण, बोटाच्या चिमटीतून सोडलेले. चव अशी बदलली की मी स्वतःच एकामागून एक चार खाल्ले.

पण ज्याच्यासाठी हे चाललं होतं ते घडत नव्हतं. आता फोन करतील, असं मला रोज वाटायचं, आणि काका आणखी एक बॅच लावायचे. 'अजून जमला नाय' हे त्यांचं पालुपद. ते खोटं होतं. एव्हाना ट्रफल उत्तम जमत होता. जमत नव्हतं ते दुसरंच.

मग शाळेला सुट्टी होती असा एक दिवस आला. मी सकाळी त्यांच्याकडे क्रीमची पाकिटं द्यायला गेले, तर काका पातेल्यासमोर हरल्यासारखे उभे. माल फाटला होता. काळा चोथा खाली आणि तुपासारखं तेल वर. क्रीम जास्त तापलं होतं. काकांचं लक्ष नव्हतं. आदल्या दिवशी काकींनी फोनवर सांगितलं होतं की बाळ बसायला लागलं.

"टाकून द्या, दुसरं करू," मी म्हटलं.

"टाकायचं कशाला? फाटलेलं जुळवता येत असंल की."

मी मोबाइलवर शोधू लागले. काकांनी माझा हात धरून तो खाली केला. मग स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "सुलभाला लाव. स्पीकर कर. माझे हात भरलेत."

काकींचा आवाज आला. "काय हो, सकाळी सकाळी?"

"तो माल फाटलाय. क्रीम नि चॉकलेटचा. काय करायचं?"

काका काय करत असतात हे काकींना माहीतच नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "मला काय विचारता? मला त्यातलं काय कळतं? थांबा."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मागे चालू असलेला मिक्सर बंद झाला. लांबून एक बाळ काहीतरी बडबडत होतं. मी फोन धरून उभी होते.

"तेल वर आलंय?" एका बाईचा आवाज. कोरडा, कामाचा.

काकांनी घसा साफ केला. "व्हय."

"गॅस बंद आहे ना?"

"हाय."

"चमचाभर दूध कोमट करा. उकळू नका. ते मधोमध घाला, सगळीकडे नको. आणि मधूनच ढवळा. छोटं छोटं गोल."

मी दूध कोमट करून दिलं. काकांनी चमचा कोरडा पुसला, दोनदा. ढवळू लागले. पातेल्यावर चमच्याचा बारीक आवाज, एवढंच ऐकू येत होतं, आणि तो तिकडेही ऐकू जात असणार.

"नाय होत."

"होईल. थांबू नका."

मधोमध एक रुपयाएवढा ठिपका गुळगुळीत झाला. मग बांगडीएवढा. मग तेल कुठे गेलं ते कळलंच नाही. पातेल्यात खिडकी दिसू लागली.

"आली," काका म्हणाले.

"काय?"

"चमक."

मग तिने विचारलं, "वर काय लावता? कोकोच?"

"कोको. नि थोडं मीठ."

"कुठलं?"

"आपलं. दादाच्या वाफ्यातलं."

ती गप्प झाली. इतकी, की फोन कटला की काय म्हणून मी पाहिलं. तेवढ्यात बाळ रडू लागलं.

"भूक लागली असंल," काका म्हणाले. "जा तू. जा."

फोन ठेवल्यावर त्यांनी डायरी ओढली. वेळ लिहिली, तापमान लिहिलं. निष्कर्षाच्या रकान्यात पेन टेकवलं आणि तसंच उचललं. मग मला म्हणाले, "मास्तरीण, आज तू वळ गो. माझे हात गरम झालेत."

त्या दिवसापासून रोज सकाळी सातला फोन. बोलणं फक्त मालाचं. किती टक्क्यांचं चॉकलेट, कोको कुठला, तुमच्याकडे हवेत दमटपणा किती. माफी वगैरे शब्द कोणी काढला नाही. महिनाभराने ती म्हणाली, "इथे आमच्या झाडांचा कोको आहे. येऊन बघा." काकांनी मला विचारलं, "आमंत्रण हाय का नुसतं बोलली?" मी म्हटलं, आमंत्रण आहे. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, आमंत्रण आहे. मग त्यांनी भावाला विचारलं.

आठ दिवसांसाठी जायचं ठरलं. थर्मोकोलच्या खोक्यात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये, चाळीस ट्रफल भरले. माझा नवरा म्हणाला, "काका, कोकोच्या गावाला चॉकलेट नेताय? गंगेला पाणी घालण्यातला प्रकार!" काका म्हणाले, "त्यांचं कसं हाय ते मना काय म्हाईत. माझं मना दाखवायचंय."

आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचे सहा महिने. कारखान्यातली यंत्रं काका बघू लागले होते. फोनवर सांगायचे, "इथं टेंपरेचर कोणालाच कळत नाय गो!" आवाजात मी कधी न ऐकलेली खुशी असायची. मी हसायचे आणि फोन ठेवल्यावर शेजारच्या बंद खिडकीकडे बघायचे. पहाटे पाचला उठायचे, डबा करायचे, आणि काही वास येत नसे. फोन हळूहळू कमी झाले. कोणाचीच चूक नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर काका-काकी घर विकायला आले. दोनच दिवसांसाठी, घाईत. नेमकी मी तेव्हा प्रशिक्षणासाठी अलिबागला मुक्कामी होते. परत आले तर ते निघून गेलेले. नवऱ्याकडे माझ्यासाठी एक सुबक खोकं ठेवलं होतं. वृषालीच्या कारखान्यातले ट्रफल, सोनेरी कागदात, सगळे एकाच मापाचे. काकांच्यापेक्षा चांगले होते. मला काकांचे हवे होते. मी करूनही पाहिले. कृती मला तोंडपाठ आहे. पहिली बॅच ढिली, दुसरी चिकट. विचारायला शेजारी कोणी नाही, आणि एवढ्याशासाठी केरळला फोन लावायचा धीर होत नाही. आता त्या घरात एक नवं जोडपं राहतं. त्यांनी बटणांखालच्या पट्ट्या काढून टाकल्या आहेत.

म्हणून काकांना शेवटचं पाहिलं ते पहिल्यांदा केरळला निघाले त्या दिवशीच. त्यांची केरळची गाडी पनवेलहून होती, तेव्हा माझ्याच सकाळच्या गाडीने ते निघाले. "आत्ता उलटं जायचं," म्हणाले, "नि मग परत ह्याच रुळावरून रोह्यावरूनच साऊथला. कंपनीत असतो तर म्हटलं असतं, डिझाइन चुकलंय." निडी गेलं, नागोठणं गेलं. कंपनीकडे त्यांनी मान वळवून पाहिलंही नाही. मांडीवर खोकं, खोक्यावर दोन्ही हात. कासू गेल्यावर एकदम माझ्याकडे वळले.

"मास्तरीण, एक विचारू? जावयाला काय म्हणायचं गो?"

"म्हणजे?"

"कधी नाव घेतलं नाय मी. घरात 'तो' म्हणायचो. आता समोर आल्यावर काय म्हणू? जावईबापू म्हटलं तर त्याला कळायचं नाय."

"नाव घ्या, काका. साधं नाव घ्या. काय नाव आहे?"

त्यांनी ओठ ओले केले. "जेकप."

"जेकब."

"जेकब," ते म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "जेकब." समोरच्या बाकावरच्या भाजीवाल्या बाईने वर पाहिलं. काका लाजले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

पेण आलं. मी उतरले. फलाटावरून चालत त्यांच्या खिडकीशी गेले, काहीतरी बोलावं म्हणून. पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. डोळे मिटलेले, पाठ ताठ, हात खोक्यावर तसेच. गाडी हलली. मी हात वर केला तो तसाच राहिला. खिडकी पुढे सरकत गेली, आणि दिसेनासे होईपर्यंत मला दिसत होतं, काकांचे ओठ हलत होते. जेकब. जेकब. जेकब.